शेजारच्या बिल्डिंगला पालिकेची मंजुरी आहे, पण मंजुरीच नियमात बसत नसेल तर?

पत्र थोडक्यात : ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. सोसायटी १९८७ सालची, त्या पहिल्या मजल्यावर राहतात. शेजारी बैठा बंगला होता, त्या घराशी इतक्या वर्षांचा घरोबा, फराळाची ताटं इकडून तिकडे. आता बंगला पाडून तिथे तळ अधिक सात मजले होतायत आणि ताईंच्या स्वयंपाकघराच्या बाजूने कॉलमचे खड्डे कंपाउंडच्या भिंतीपासून जेमतेम पाच फुटांवर खणलेत. वॉर्ड ऑफिसमध्ये विचारलं तर 'प्लॅन मंजूर आहे, आता काही होणार नाही' एवढंच ऐकायला मिळालं. सोसायटीची कमिटी म्हणते आपलंही रिडेव्हलपमेंट येऊ घातलंय, उद्या आपल्यालाही याच सवलती मागायच्या आहेत, गप्प बसा. मिस्टर म्हणतात शेजाऱ्यांशी वाकडं नको. ताई विचारतात, चुकीची मंजुरी खुद्द पालिकेनेच दिली असेल तर माझ्यासारखीने जायचं कुणाकडे? आणि पैसे खाऊनच दिली असणार, मग तक्रार करून काय उपयोग?

ताई, सगळ्यात आधी ते 'मंजूर आहे, आता काही होणार नाही' डोक्यातून काढून टाका. टेबलामागून हे वाक्य इतक्या सहज फेकतात की समोरचा माणूस तिथूनच परत फिरतो. पालिकेची मंजुरी म्हणजे कायद्याने दिलेल्या अधिकारात घेतलेला निर्णय, त्या अधिकाराबाहेर जाऊन घेतला असेल तर तो टिकत नाही. १९७४ साली सुप्रीम कोर्टापुढे उडुपीचं प्रकरण आलं होतं, रहिवासी भागात नगरपालिकेने थिएटरला परवानगी दिली आणि शेजारी राहणाऱ्या माणसाने तिला आव्हान दिलं. हायकोर्टाने मान्य केलं की परवानगी नियमाविरुद्ध आहे, पण समोरच्याचा पैसा खर्च झालाय म्हणून हात लावला नाही. सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं. पैसा ओतला म्हणून बेकायदा परवानगी कायदेशीर होत नाही, आणि आपला भाग नियमाप्रमाणे राहावा यासाठी दाद मागायचा तिथल्या रहिवाशाला हक्क आहे, असं कोर्टाने म्हटलं. म्हणजे तुम्ही कोण विचारणारे, हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघालाय.

पण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की तुमच्या मनात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्यात, आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक, मंजूर नकाशा नियमात बसतो पण काम नकाशाप्रमाणे चाललेलं नाही, म्हणजे नकाशात दहा फूट आणि जागेवर पाच. दोन, काम अगदी नकाशाप्रमाणेच चाललंय, पण नकाशाच नियमाच्या बाहेर मंजूर झालाय. पहिल्या प्रकारात भांडण बिल्डरशी असतं आणि पालिका तुमच्या बाजूने उभी राहू शकते, एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या कलम ५४ खाली काम थांबवायची नोटीस निघू शकते. दुसऱ्या प्रकारात पालिकेलाच सांगायचं असतं की तुमचा निर्णय चुकला, आणि तो रस्ता लांबचा. तुम्ही धरून चाललायत की दुसराच प्रकार आहे. असेलही. पण नकाशा तर तुम्ही अजून पाहिलेलाच नाही ना?

दुसरी गोष्ट, ही कदाचित तुम्हाला आवडणार नाही. पाच फूट तुम्ही कंपाउंडच्या भिंतीपासून मोजलेत. आपण भिंतीलाच हद्द समजतो पण नौपाडा, पाचपाखाडी, चरई अशा जुन्या भागात भिंत एकीकडे आणि सिटी सर्व्हेची हद्द दुसरीकडे असं बऱ्याचदा निघतं, कुणी पूर्वी समजुतीने भिंत सरकवलेली असते तर कुणी गटारासाठी जागा सोडलेली असते. मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, मोजतात ते प्लॉटच्या हद्दीपासून. मालमत्ता पत्रक आणि हद्दीचा नकाशा नगर भूमापन कार्यालयातून काढा, गरज वाटली तर सोसायटीतर्फे सरकारी मोजणी मागा. हद्द तुमच्या बाजूला सरकलेली निघाली तर ते पाच फूट आठ होतील आणि केस पातळ होईल, उलट निघाली तर भांडण मार्जिनचं न राहता अतिक्रमणाचं होईल. दोन्हीपैकी काहीही असो, सुनावणीला जाण्याआधी तुम्हाला माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्याच सुनावणीत समोरचा आर्किटेक्ट मोजणीचा नकाशा टेबलावर ठेवतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

आता नकाशा मिळवायचा कसा. तळ अधिक सात म्हणजे फ्लॅट बहुधा आठच्या वर असणार, तसे असतील आणि प्लॉटही ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर विक्रीआधी प्रोजेक्टची महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. त्यांच्या साइटवर प्रोजेक्टचं नाव टाकून बघा, सीसी म्हणजे काम सुरू करायचा दाखला आणि मंजूर प्लॅन घरबसल्या पाहायला मिळतात. साइटच्या बोर्डावर व्हीपी नंबर, म्हणजे पालिकेतल्या बांधकाम प्रस्तावाचा नंबर असेल त्याचा फोटो काढा, पुढे प्रत्येक अर्जात तो लागणार. शिवाय १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मंजूर नकाशाची प्रत काम चालू असेपर्यंत साइटवर लावलेली हवी आणि अधिकाऱ्यांनी वेळोवेळी तपासणी करून तिची नोंद ठेवायला हवी. नकाशा लावलेला नसेल तर तक्रारीचा पहिला मुद्दा तुम्हाला तिथेच मिळाला. बाकी सगळ्यासाठी माहिती अधिकार, दहा रुपयांचा अर्ज, आपल्या राज्यात १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर. नुसती नकाशाची प्रत मागू नका, पूर्ण फाइल पाहायची आहे असं लिहा, त्यातले शेरे, टिपणी, कुठलं मार्जिन कुठल्या कारणाने कमी केलं ते सगळं. 'त्रयस्थाची माहिती आहे' म्हणून नकार येऊ शकतो, आला तर घाबरू नका, पहिलं अपील करा, पुढे राज्य माहिती आयोगाचं कोकण खंडपीठ आहे.

नकाशा हातात आला की तो वाचता येतो, इंजिनियर असायची गरज नाही. प्लॉटची हद्द जाड काळ्या रेघेत असते, नवीन बांधकाम लाल, पाडायचं जुनं काम पिवळ्या रेघोट्यांनी दाखवतात. तुमच्या बाजूची काळी रेघ आणि लाल भाग यांच्यामधला आकडा शोधा, तो मीटरमध्ये असतो, १.५० असेल तर पाच फूट. मग तोच आकडा कोपऱ्यातल्या तक्त्यात बघा, तिथे किती मार्जिन हवं आणि किती ठेवलं हे शेजारी शेजारी मांडलेलं असतं. हा आकडा म्हणजे तुमची सगळी केस आहे, त्याच्यावर शांतपणे अर्धा तास घालवा.

हवं किती, हे ठरतं यूडीसीपीआरने, म्हणजे मुंबई वगैरे मोजकी क्षेत्रं सोडून जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला २०२० च्या डिसेंबरपासून लागू झालेली विकास नियमावली, ती ठाण्याला आणि नवी मुंबईलाही लागू आहे. यातही एक खाच आहे. विकास आराखड्यात तुमचा भाग दाटवस्तीत दाखवलाय की बाहेर? दाटवस्तीत कमी मार्जिन नियमानेच चालतं. बाहेर असेल तर उंच बिल्डिंगला बाजूचं मार्जिन साधारण उंचीच्या पाचव्या भागाच्या हिशोबाने धरतात, चोवीस मीटर उंची धरली तर ४.८ मीटर, म्हणजे पंधरा-सोळा फूट. कुठे सोळा आणि कुठे पाच. एवढा फरक निघाला तर फाइलमध्ये बहुधा 'हार्डशिप' नावाचा कागद असणार. नियमावलीत आयुक्तांना खास अधिकार दिलेत की प्लॉट लहान आहे, वेडावाकडा आहे, खरोखरची अडचण आहे असं दिसलं तर काही मापांत सूट देता येते, आणि त्यासाठी प्रीमियमही घेतात. अशी सूट दिली की साहेब म्हणतात, झालं, रेग्युलर आहे. पण त्याच तरतुदीत अट आहे की अडचण स्पष्ट दाखवता आली पाहिजे, आणि सूट दिल्यामुळे त्या इमारतीतल्याच नव्हे तर आजूबाजूच्या लोकांच्याही आरोग्याला, आगीपासूनच्या आणि बांधकामाच्या सुरक्षिततेला धक्का लागता कामा नये. आजूबाजूचे म्हणजे तुम्हीच की हो! मग तुमच्या स्वयंपाकघराचा, फायर ब्रिगेडच्या गाडीचा विचार त्या फाइलमध्ये कुणी केलाय का, अडचण काय होती हे लिहिलंय का, की नुसतं 'विनंती मान्य' असं एका ओळीत आहे, हे बघा. माझ्या मते मंजुरीला आव्हान द्यायची खरी जागा ही आहे.

यातूनच तुमच्या 'पैसे खाल्ले असणार' वर येते. ताई, राग मला कळतो. पण ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही आणि करायची गरजही नाही. अर्जात लाचेचा एक शब्द जरी लिहिलात तरी सगळं लक्ष त्या शब्दाकडे जाईल, समोरचे बदनामीची भाषा सुरू करतील आणि मार्जिनचा आकडा बाजूला पडेल. मंजुरी देणारा धुतल्या तांदळासारखा असला तरी चुकीची मंजुरी चुकीचीच असते. तुमचं भांडण फाइलमधल्या आकड्याशी ठेवा, माणसांशी नको.

आता वेळ, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माहिती अधिकाराला तीस दिवस जातात आणि तीस दिवसांत कॉलम वर येतात. एमआरटीपीच्या कलम ५१ खाली पालिका दिलेली परवानगी सुनावणी घेऊन रद्द करू शकते किंवा बदलू शकते, पण काम बरंच पुढे गेलं किंवा पूर्ण झालं की त्या कलमाचा दरवाजा बंद होतो, आणि आधी झालेल्या कामाला तो आदेश लागूच होत नाही. अर्जदाराने चुकीची माहिती देऊन परवानगी घेतली असेल, हद्द किंवा रस्त्याची रुंदी खोटी दाखवली असेल, तर महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ मध्ये आयुक्तांना ती रद्द करायचा वेगळा अधिकार आहे. म्हणून कागद गोळा व्हायची वाट बघत बसू नका, आज जेवढं डोळ्यांना दिसतंय तेवढ्यावर पहिली तक्रार द्या. ती आयुक्तांच्या नावाने, प्रत नगररचनेला म्हणजे ठाण्यात ज्याला शहर विकास विभाग म्हणतात तिथे, एक प्रत प्रभाग समितीला आणि प्रत्येक प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. लिहायचं एवढंच, व्हीपी नंबर, तारखेचे फोटो, अमुक बाजूला एवढं अंतर दिसतं, नियमाप्रमाणे एवढं हवं असं आमचं म्हणणं, जागेवर मोजणी करा, जोता तपासणी आमच्यासमोर करा, तोवर जोत्याच्या वरचं काम थांबवा आणि आम्हाला ऐकून घेऊन लेखी निर्णय द्या. जोता, म्हणजे पायावरचा चौथरा, पूर्ण झाला की पुढचं काम करण्याआधी तो तपासून घ्यायचा असतो, मापं चुकली असतील तर ती जोत्यालाच पकडता येतात, स्लॅब पडल्यावर हातोडा चालवायला कुणी धजत नाही. आणि शेवटचं वाक्य, 'लेखी निर्णय द्या', ते विसरू नका, पुढे कोर्टात गेलात तर न्यायाधीश पहिलं तेच विचारतात, पालिकेला सांगितलंत का आणि ती काय म्हणाली.

खोदकामाचं पत्रात ओझरतं आलंय पण मला त्याची जास्त काळजी वाटली. १९८७ ची इमारत, तिच्या कंपाउंडच्या भिंतीपासून पाच फुटांवर खोल खड्डे. आत्ताच, या आठवड्यात, तुमच्या बाजूच्या भिंती, बीम, टाकी, गॅलरी यांचे फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा, जुन्या भेगांवर पेन्सिलीने तारीख टाका आणि शक्य झालं तर सोसायटीने एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून पाहणीचा रिपोर्ट घ्यावा. पुढे नवी भेग पडली की 'ती आधीचीच होती' हे उत्तर ठरलेलं असतं. भेग वाढताना दिसली तर मार्जिनबिर्जिन सगळं बाजूला, त्याच दिवशी प्रभाग समितीला आणि पोलीस स्टेशनला लेखी कळवा.

उजेडाचं म्हणाल तर नुसता समोरचा मोकळेपणा गेला, प्रायव्हसी गेली, यावर कायदा फारसं काही देत नाही, हे स्पष्ट सांगते. मात्र १८८२ चा सुविधाधिकार कायदा म्हणतो की एखाद्या इमारतीला खिडकीतून उजेड-वारा वीस वर्षं विनाखंड, विनातक्रार मिळत असेल तर तो हक्क बनतो, इमारतीच्या पायाला शेजारच्या जमिनीचा मिळणारा आधारही त्यात येतो. तुमच्या खिडक्या १९८७ पासूनच्या. पण अडथळा आल्यावर दोन वर्षांच्या आत दावा लावायला हवा, आणि थोडं अंधारलं एवढं पुरत नाही, राहणं खरोखर अवघड झालं हे दाखवावं लागतं. हा दावा दिवाणी कोर्टात शेजाऱ्यांविरुद्ध चालतो. हा हक्क आत्ताच्या, या खिडक्यांना आहे, तुमची इमारत पाडली की गणित बदलतं, तेव्हा कमिटीने रिडेव्हलपमेंटची घाई करताना वकिलाला हे विचारून घ्यावं.

मंजुरीलाच आव्हान द्यायचं तर मात्र दिवाणी कोर्टात अडचण येते, एमआरटीपीने पालिकेचे आदेश दाव्यात तपासायला बंदी घातलीय. कलम ४७ चं अपील परवानगी मागणाऱ्यासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही. म्हणून शेवटी मुंबई हायकोर्टात रिट याचिका. खर्च होतो, वेळ लागतो, आणि उशिरा गेलात तर 'इतके दिवस काय करत होता' हेच ऐकावं लागतं. पण बऱ्याचदा कोर्ट सरळ पाडा म्हणत नाही, पालिकेला सांगतं यांचं म्हणणं ऐका आणि इतक्या आठवड्यांत कारणांसह निर्णय द्या. तुमच्यासाठी तेवढंही पुष्कळ असू शकतं, कारण फाइलमध्ये कारण लिहायची वेळ आली की पुष्कळ सवलती टिकत नाहीत. वकील करायचाच तर जोत्याआधी, सातव्या स्लॅबनंतर नाही.

कमिटीचं म्हणणं मला भित्रं वाटलं नाही, पण त्यात हिशोब चुकतोय. उद्या तुमचा टॉवर उभा राहील तेव्हा दोन इमारतींमध्ये जी जागा असेल ती दोघांच्या मार्जिनची मिळून असेल. शेजाऱ्यांनी त्यांचा वाटा आज खाल्ला तर तुमच्या नव्या घरांच्या खिडक्या कायमच्या त्यांच्या भिंतीकडे तोंड करून बसणार, आणि तुम्ही सवलत मागाल तेव्हा समोर सात मजल्यांची नवी सोसायटी हरकत घ्यायला तयार असेल. आज गप्प बसलात म्हणून उद्या तुम्हाला कुणी सवलत जास्त देणार नाही. हे मुद्दे घेऊन बैठक बोलवा. सोसायटीचं पत्र गेलं तर त्याला वजन जास्त, नाही गेलं तरी तक्रार तुम्ही एकट्याही करू शकता, ठरावाची गरज नाही.

आणि मिस्टरांचं? शेजार जपावा या मताची मीही आहे. म्हणूनच तक्रारीचा कागद आवकला जायच्या आधी त्यांच्या घरी जा, दोघं मिळून. त्या घरातला मुलगा बहुधा स्वतः बांधत नसेल, बिल्डरला प्लॉट देऊन दोन फ्लॅट घेत असेल, त्याला मार्जिन किती सुटतंय हे माहीतही नसेल. त्याला सांगा की आम्ही तुझ्या घराच्या विरोधात नाही, आमच्या बाजूची रेघ मागे घे, खोदकामाला आधार दे, प्लॅन सुधारून घे. काम सुरू असताना सुधारित प्लॅन मंजूर करून घेता येतो, ते रोजचंच आहे. या भेटीआधी तुम्हा दोघांना मात्र ठरवावं लागेल की नेमकं हवं काय. काम थांबायला हवं, की कॉलम आत सरकायला हवेत, की फक्त आपली इमारत सुरक्षित राहिली तरी चालेल? पत्रात तिन्ही आहेत. मला विचाराल तर मधलं धरा, ते मिळण्यासारखं आहे आणि त्यात तिसरं आपोआप येतं.

वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोलीच्या वाचकांकडूनही रो-हाऊसवर चढणाऱ्या मजल्यांबद्दल अशीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी एवढंच जास्तीचं. तिथे बांधकाम परवानगी महापालिकेची पण जमीन सिडकोने लीजवर दिलेली, तेव्हा तक्रारीची एक प्रत सिडकोलाही द्या, लीजच्या अटी वेगळ्या असतात. आणि लहान प्लॉटना नव्या नियमावलीत सोपी पद्धत आहे, १५० चौरस मीटरपर्यंत तर रीतसर परवानगीऐवजी आर्किटेक्टच्या दाखल्यावर काम सुरू होतं. तिथे 'मंजुरी' म्हणून जे दाखवतात ते कुणी तपासलेलं असेलच असं नाही, तेव्हा मापं चुकली तर त्या दाखल्यावरच बोट ठेवा. आर्किटेक्टने खोटा दाखला दिला असेल तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे तक्रार होते.

ताई, क्रम असा ठेवा. आज फोटो आणि महारेराची साइट. उद्या त्या घरी जाऊन बोलणं. सोमवारी शिक्क्यासकट तक्रार आणि त्याच खेपेत माहिती अधिकाराचा अर्ज, तिथून नगर भूमापन कार्यालय. नकाशावरचा तो आकडा कळला की मला पुन्हा लिहा, सोबत प्लॉट दाटवस्तीत येतो की नाही तेही कळवा, मग वकिलाकडे काय घेऊन जायचं ते ठरवता येईल.